विश्लेषण : स्टुडिओतला आवाज आंबिवलीच्या रेडिओत येतो कसा? ‘एएम’ आणि ‘एफएम’मध्ये नेमका फरक काय?

रेडिओ जुना झाला, असे आपण म्हणतो. पण एका मनोऱ्यावरून निघालेला आवाज एकाच वेळी लाखो घरांत, तेही डेटा पॅक न लागता कसा पोहोचतो, हे नीट सांगणारे थोडेच भेटतात. त्यामागचे तंत्र म्हणजे ‘मॉड्युलेशन’. रेडिओवर खरखर का येते, कसारा घाटाकडे जाताना एफएम का हरवते आणि मोबाइलमध्ये एएम का नसते, या सगळ्याची उत्तरे याच एका शब्दात आहेत.

इंजिनीअरिंगच्या पाचव्या सेमिस्टरला तोंडी परीक्षेत ‘मॉड्युलेशन कशासाठी?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याची तीन ठरलेली उत्तरे असतात आणि ती आम्ही सगळ्यांनीच पाठ केली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री आंबिवलीच्या घरी ती उत्तरे मोठ्याने घोकत असताना आजीने विचारले, ‘‘आवाज जर आकाशातून येतो, तर तो रेडिओ बंद असताना आपल्याला ऐकू का येत नाही?’’ परीक्षकांना द्यायला तीन उत्तरे होती, आजीला द्यायला एकही नव्हते. खरे तर तिचाच प्रश्न योग्य होता. कारण उत्तर असे आहे, की आकाशातून आवाज येतच नाही.

आकाशातून नेमके काय येते?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. बोलणाऱ्याच्या ओठांपासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत हवा हलते, म्हणून ऐकू येते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे दक्षिण मुंबईतील स्टुडिओतून कोणी अचाट ताकदीने ओरडलाच आणि तो आवाज ५० किलोमीटरवर आंबिवलीत पोहोचलाच, तरी त्याला जवळपास अडीच मिनिटे लागतील.

रेडिओ लहरींचे तसे नाही. त्या विद्युतचुंबकीय लहरी आहेत, प्रकाशाच्याच जातीच्या. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. ५० किलोमीटर अंतर त्या सेकंदाच्या सहा हजाराव्या भागात कापतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सहा सेंटिमीटरही पुढे सरकत नाही. म्हणून थेट कार्यक्रम जुन्या पद्धतीच्या रेडिओवर ऐकणारा आंबिवलीचा श्रोता, सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या आधी गाणे ऐकू शकतो.

पण या लहरी हवा हलवत नाहीत, त्यामुळे कानाला त्या कळत नाहीत. रेडिओ बंद असताना खोलीत डझनभर वाहिन्यांच्या लहरी असतातच. त्यांतून आवाज पुन्हा तयार करणारे यंत्र मात्र बंद असते. आजीच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर.

मायक्रोफोनचा विद्युत संकेत थेट अँटेनाला जोडला तर?

मायक्रोफोन आवाजाचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. मग तीच वीज अँटेनाला देऊन काम का होत नाही? पहिली अडचण लांबीची. लहर कार्यक्षमपणे बाहेर टाकायची, तर अँटेना साधारण लहरीच्या लांबीच्या पाव भागाएवढी लागते. माणसाच्या आवाजातला एक नेहमीचा सूर घ्या, सेकंदाला १००० कंपनांचा, म्हणजे एक किलोहर्ट्झचा. त्या वारंवारतेच्या रेडिओ लहरीची लांबी ३०० किलोमीटर भरते आणि तिचा पाव भाग ७५ किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते आंबिवली हे रेल्वेचे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. म्हणजे सीएसएमटीपासून आंबिवलीपर्यंत सरळ उभी तार ताणली, तरी ती अपुरी पडेल.

दुसरी अडचण गर्दीची. माणसाला ऐकू येणारे सगळे आवाज साधारण २० ते २०,००० हर्ट्झ या एकाच पट्ट्यात बसतात. प्रत्येक वाहिनीने आपला आवाज जसाच्या तसा सोडला, तर बातम्या, भजन आणि जाहिराती एकाच जागी एकमेकांवर चढतील आणि रेडिओला त्या वेगळ्या करता येणार नाहीत.

उपाय असा निघाला, की आवाजाला स्वतः पाठवायचेच नाही. खूप जास्त वारंवारतेची एक लहर अखंड पाठवत राहायची आणि आवाजाची खूण तिच्यावर उमटवायची. या लहरीला ‘वाहक लहर’ म्हणतात आणि खूण उमटवण्याच्या क्रियेला मॉड्युलेशन. मराठी ग्रंथांत त्यासाठी ‘विरूपण’ असाही शब्द आढळतो. तो मोठा नेमका आहे, कारण इथे वाहक लहरीचे मूळ रूप आवाजाच्या तालावर थोडे बिघडवलेच जाते. रेडिओ संच लहरीतला तो बिघाड वाचतो आणि त्यावरून आवाज पुन्हा उभा करतो.

वारंवारता वाढली, की अँटेनाही आटोक्यात येते. आकाशवाणी मुंबईची ‘अस्मिता’ वाहिनी ५५८ किलोहर्ट्झची. तिच्या लहरीची लांबी सुमारे ५३७ मीटर आणि पाव भाग १३४ मीटर. मनोरा उंच लागेल, पण बांधता येईल. ९८.३ मेगाहर्ट्झच्या एफएम वाहिनीची लहर तर अवघी तीन मीटरची आणि तिचा पाव भाग ७६ सेंटिमीटर. मोबाइलवर एफएम लावताना ‘इअरफोन जोडा’ असा संदेश येतो तो यामुळेच. इअरफोनची ती हातभर वायर म्हणजे मोबाइलची एफएम अँटेना असते.

खूण उमटवायची कशी?

समजा, रात्री मलंगगडावर कोणी मोठा टॉर्च घेऊन उभा आहे आणि खाली कल्याणात तुम्ही त्याच्याकडे बघत आहात. त्याला तुम्हाला निरोप द्यायचा आहे. त्याच्याकडे दोन मार्ग आहेत. एक, टॉर्चचा उजेड कमी-जास्त करणे. दोन, उजेड तेवढाच ठेवून त्याचा रंग बदलणे.

पहिला मार्ग म्हणजे एएम, अर्थात ‘अॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन’. यात वाहक लहरीची उंची, म्हणजे तिची ताकद, आवाजानुसार कमी-जास्त होते. दुसरा मार्ग एफएम, ‘फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन’. यात उंची कायम राहते आणि वारंवारता किंचित मागेपुढे होते. प्रकाशात वारंवारता बदलली की रंग बदलतो, त्यामुळे ही तुलना केवळ समजावण्यापुरती नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही ती बरीच खरी आहे.

आता मध्येच धुके आले, तर? उजेड फिका पडेल. निरोप उजेडाच्या कमी-जास्त होण्यात असेल, तर टॉर्चवाल्याने उजेड कमी केला की धुक्याने, हे तुम्हाला कळणार नाही. निरोप रंगात असेल, तर फिका झालेला लाल रंगही लालच दिसेल. एएम आणि एफएममधील फरकाचे सार एवढ्यात आले.

‘एएम’मध्ये खरखर का असते?

वीज कडाडते, लोकलचा पेंटोग्राफ ओव्हरहेड वायरवर घासून ठिणगी उडते, शेजारच्या घरात मिक्सर सुरू होतो. या प्रत्येक घटनेत रेडिओ लहरींचा एक झटका बाहेर पडतो. तो वाहिनीच्या लहरीत मिसळला, की तिची उंची क्षणभर वाढते किंवा घटते. एएम संच तर उंचीच वाचत असतो. स्टुडिओतला तबला आणि शहाड-आंबिवली दरम्यानची ठिणगी यांत त्याला फरक करता येत नाही. तो दोन्ही इमानाने वाजवतो.

अलीकडे यात घरातल्याच यंत्रांची भर पडली आहे. मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे यांतील सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्यातून निसटणारा गोंगाट नेमका मध्यम लहरींच्या पट्ट्यात, म्हणजे ‘मीडियम वेव्ह’मध्येही पडतो. ‘पूर्वी रेडिओ स्वच्छ लागायचा’ ही ज्येष्ठांची तक्रार म्हणूनच केवळ स्मरणरंजन नाही. पूर्वी घरात गोंगाट करणारी यंत्रे खरोखरच कमी होती.

एएमची दुसरी मर्यादा जागेची. ५५८ किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर एक किलोहर्ट्झचा सूर चढवला, की अँटेनातून तीन वारंवारता बाहेर पडतात : ५५७, ५५८ आणि ५५९. मधली वाहक लहर, दोन्हीकडच्या तिच्या बाजू. म्हणजे प्रत्येक वाहिनी आकाशात एक बिंदू नव्हे, तर पट्टा अडवते. शेजारच्या वाहिन्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून आपल्याकडे मध्यम लहरींवर दोन वाहिन्यांत ९ किलोहर्ट्झ अंतर ठेवले जाते. त्याची खूण वाहिन्यांच्या आकड्यांतच सापडते. मुंबईचे ५५८, १०४४ आणि ११८८ हे तिन्ही आकडे ९ ने भागून पाहा. तिन्हींना नि:शेष भाग जातो.

९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आवाजाच्या वाट्याला एका बाजूला साधारण साडेचार किलोहर्ट्झ येतात. बोलणे समजायला तेवढे पुरते, पण सतारीची झार, टाळांची किणकिण, ‘स’ आणि ‘श’ची धार यांचा मोठा भाग त्याच्या वर असतो. एएमवरचे गाणे घोंगडीतून आल्यासारखे वाटते, त्याचे हे एक मोठे कारण.

तिसरी गोष्ट विजेच्या बिलाची. पूर्ण क्षमतेने मॉड्युलेशन केले आणि वाहक लहरीला १०० किलोवॅट शक्ती दिली, तर दोन्ही बाजूंना मिळून ५० किलोवॅट जातात. आवाजाची सगळी माहिती त्या ५० किलोवॅटमध्ये असते. उरलेली दोन तृतीयांश शक्ती केवळ ‘मी इथे आहे’ हे सांगण्यात खर्च होते.

‘एफएम’ स्वच्छ का ऐकू येते?

एफएम संच आत आलेल्या लहरीची उंची आधी सरसकट कापून एकसारखी करतो. ठिणगीने वाढवलेली उंची तिथेच छाटली जाते. त्यानंतर तो फक्त वारंवारता किती हलली, एवढेच मोजतो.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. ९८.३ मेगाहर्ट्झची वाहिनी म्हणजे लहर कायम ९८.३ वरच असते, असे नाही. ती दोन्हीकडे कमाल ७५ किलोहर्ट्झ, म्हणजे ९८.२२५ ते ९८.३७५ मेगाहर्ट्झ यांच्यामध्ये झुलत असते. आवाज जितका मोठा, तितका झोका लांब. आवाज जितका बारीक, म्हणजे वरच्या पट्टीतला, तितके सेकंदाला झोके जास्त. आवाजाच्या या दोन्ही गोष्टी झोक्यात उतरल्या, की उंचीला हात लावायची गरजच उरत नाही.

एफएमवर आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंत जातो, म्हणून गाणे मोकळे वाटते. मात्र त्याची किंमत जागेत मोजावी लागते. एका एफएम वाहिनीला साधारण १८० किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो, म्हणजे एएमच्या वीस वाहिन्यांएवढा. ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या संपूर्ण मध्यम लहरी पट्ट्यात एएमच्या १२० जागा आहेत. तिथे एफएम वाहिन्या बसवायच्या, तर जेमतेम पाच-सहा मावतील. म्हणूनच एफएमला वर, १०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या मोकळ्या पट्ट्यात नेले गेले. तिथेही एकाच शहरातील वाहिन्यांत चांगले अंतर सोडतात. मुंबईच्या ९१.१, ९२.७ आणि ९३.५ या आकड्यांत ०.८ किंवा त्याच्या पटीत फरक दिसतो, तो योगायोग नाही.

स्टीरिओचे गणित आणखी गमतीचे आहे. डाव्या आणि उजव्या कानाच्या आवाजांची बेरीज नेहमीसारखी पाठवली जाते. दोघांतील फरक ३८ किलोहर्ट्झच्या एका आतल्या वाहकावर एएमच्याच पद्धतीने चढवतात. म्हणजे एफएमच्या पोटात एक छोटे एएम दडलेले असते. संकेत कमजोर झाला, की आधी खरखरते ते हेच. तेव्हा बरेच संच आपोआप ‘मोनो’वर येतात.

मग कसाऱ्याकडे जाताना एफएम का हरवते?

यात मॉड्युलेशनचा दोष फारसा नाही. एफएम ज्या पट्ट्यात बसवले, त्या पट्ट्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. जमिनीच्या गोलाईमुळे त्यांना क्षितिज असते. १०० मीटर उंचीच्या अँटेनाचे हे रेडिओ क्षितिज सुमारे ४१ किलोमीटरवर येते, ३०० मीटरचे सुमारे ७१ किलोमीटरवर. वाटेत डोंगर आला, तर त्याआधीच सावली पडते. टिटवाळा, आसनगाव, खर्डी करत गाडी सह्याद्रीच्या कुशीत शिरते, तशा मुंबईच्या वाहिन्या मावळत जातात.

कॉलेजच्या दिवसांत फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. गाण्याचे धृपद बोगद्याच्या तोंडाशी तुटायचे आणि सव्वा किलोमीटरनंतर पलीकडे पुन्हा सुरू व्हायचे. एका टोकाला पूर्ण आवाज, आत शुद्ध खरखर, दुसऱ्या टोकाला पुन्हा पूर्ण आवाज. प्रकाशासारख्याच वागणाऱ्या लहरींचा याहून सोपा प्रयोग प्रयोगशाळेतही नसेल.

मध्यम लहरी मात्र जमिनीला धरून वाकत जातात. त्यामुळे घाटाच्या पायथ्याच्या पाड्यावरही, डोंगराआड, दिवसा एएम लागू शकते. रात्री तर त्यांचा पल्ला आणखी वाढतो. दिवसा सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या भागात एक विद्युतभारित थर तयार होतो आणि तो या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला, की तो थर विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर परत उतरतात. रात्री मध्यम लहरींवर परराज्यांतील वाहिन्या लागतात, त्या यामुळे. लघुलहरी, म्हणजे ‘शॉर्ट वेव्ह’, तर दिवसाही अशा उड्या मारतात. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला घराघरांत ऐकू येत होती, ती याच वाटेने.

मुंबईत याची सुरुवात कधी झाली?

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. उद्घाटन तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. ट्रान्समीटर अवघा दीड किलोवॅटचा होता. ती कंपनी १९३० मध्ये गुंडाळली गेली, प्रसारण सरकारने हाती घेतले आणि १९३६ मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. भारतात एफएम प्रसारणाला १९७७ मध्ये मद्रासमधून, तेही २३ जुलैलाच, सुरुवात झाली. मधली पन्नास वर्षे देशाने रेडिओ ऐकला तो एएमवर.

त्या पन्नास वर्षांतील एक ट्रान्समीटर सरकारचा नव्हता. ‘चले जाव’ आंदोलनात नेते तुरुंगात गेल्यावर, ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता या २२ वर्षांच्या तरुणीने सहकाऱ्यांसह मुंबईतून गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. त्याची लहर ४२.३४ मीटरची होती. प्रकाशाच्या वेगाला या लांबीने भागले, की वारंवारता येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे लघुलहर. आकाशातून उडी मारून दूर जाणारी ही लहर त्यांच्या कामाला अचूक होती. पण तीच अडचणही होती. आवाज असो वा नसो, वाहक लहर ‘मी इथे आहे’ हे सांगतच असते. पोलिसांची पथके दिशा शोधणारी यंत्रे घेऊन फिरत होती, म्हणून ट्रान्समीटरची जागा वारंवार बदलावी लागत होती. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तो पकडला गेला आणि उषा मेहतांना अटक झाली.

‘एफएम’ एवढे चांगले, तर विमाने अजून ‘एएम’ का वापरतात?

एफएमचा एक गुण असा, की एकाच वारंवारतेवर दोन संकेत आले, तर संच त्यातला जोरकस तेवढाच उचलतो आणि दुसरा जवळपास पूर्ण दाबून टाकतो. गाणी ऐकताना हे सोयीचे. दोन शहरांत एकाच आकड्याच्या दोन वाहिन्या असल्या, तरी मधल्या रस्त्यावर गोंधळ थोडाच वेळ होतो, एका वळणावर एक वाहिनी जाते आणि दुसरी येते.

विमानतळाच्या नियंत्रण कक्षात मात्र हाच गुण घातक ठरू शकतो. दोन वैमानिक एकाच वेळी बोलले आणि त्यातला कमजोर आवाज मुळीच ऐकू आला नाही, तर दुसरा कोणी मदत मागत होता हे नियंत्रकाला कळणारही नाही. एएममध्ये दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून, शिट्टीसारख्या आवाजासह ऐकू येतात. शब्द कळले नाहीत, तरी ‘दोघे बोलत आहेत’ हे कळते आणि पुन्हा विचारता येते. जगभरातील विमान वाहतूक ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आजही एएमवर बोलते, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. म्हणजे एएम हे मागासलेले आणि एफएम हे पुढारलेले, असा साधा हिशेब नाही. काम कोणते, यावर निवड ठरते.

मोबाइलमध्ये ‘एएम’ का नसते? आणि ‘एफएम’ असावे का?

मध्यम लहरींसाठी रेडिओत फेराइटची जाड कांडी आणि तिच्यावर तारेची गुंडाळी असते. सडपातळ मोबाइलमध्ये तिला जागा नाही. त्यातही मोबाइलचे प्रोसेसर, डिस्प्ले आणि चार्जिंगचे सर्किट यांचा गोंगाट एएम संचाला अगदी शेजारी सहन करावा लागेल.

एफएमचे तसे नाही. त्याची चिप छोटी आहे आणि अँटेना म्हणून इअरफोनची वायर चालते. तरीही अलीकडच्या अनेक मोबाइलमध्ये ही सोय दिसत नाही किंवा बंद ठेवलेली असते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल उद्योगाच्या संघटनांना सल्लापत्र पाठवले. ज्या मोबाइलमध्ये एफएमची सोय आहे तिथे ती बंद करू नये, नसेल तिथे ती द्यावी, असे त्यात म्हटले होते. आपत्तीच्या काळात एफएमचा उपयोग हे त्यामागचे एक कारण होते.

हे कारण कल्याण परिसराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास नदीच्या काठाने कल्याण, उल्हासनगर, बदलापूरच्या वस्त्यांत पाणी शिरले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. वीज गेली होती, फोन लागत नव्हते आणि बाबा कामावरून परतले नव्हते. आजीने चार सेलचा ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवला होता. त्यात बाबांची खबर अर्थातच नव्हती. पण गाड्या कुठे अडकल्या आहेत, लोक स्टेशनांवर थांबले आहेत, एवढे त्यातून कळत होते आणि घरातल्या माणसांना त्या रात्री तेवढाच आधार होता. बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत घरी आले.

यामागेही तंत्रज्ञानच आहे. मोबाइलवर गाणे किंवा बातम्या ऐकताना प्रत्येक श्रोत्यासाठी स्वतंत्र जोडणी लागते. श्रोते वाढले, की जाळे तुंबते. परिसरातील प्रत्येक मनोऱ्याला वीज लागते आणि एकमेकांशी जोडलेल्या केबल शाबूत असाव्या लागतात. प्रसारणात एक ट्रान्समीटर, त्याचा एक जनरेटर आणि स्टुडिओपासूनची एक जोडणी एवढे चालू राहिले, की पुरते. ऐकणारे दहा असोत वा दहा लाख, ट्रान्समीटरला त्याचा काहीही भार पडत नाही. कारण श्रोता त्याच्याकडून काही मागतच नसतो, तो फक्त आलेली लहर वाचत असतो.

‘एएम’चे पुढे काय?

मोठे एएम ट्रान्समीटर चालवणे महाग आहे आणि श्रोते एफएम व ॲपकडे वळले आहेत. नागपूरजवळचा १५६६ किलोहर्ट्झचा १००० किलोवॅटचा ट्रान्समीटर हे त्याचे ठळक उदाहरण. त्यावरून १९८८ पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्री देशाच्या मोठ्या भागात ऐकू जात असे. ती वाहिनी २०१९ च्या सुरुवातीला बंद करण्यात आली.

दुसरा मार्ग ‘डीआरएम’ या डिजिटल पद्धतीचा. त्यात एका वाहकाऐवजी अनेक बारीक वाहक एकमेकांशेजारी ठेवून आवाजाचे आकडे पाठवले जातात. पल्ला मध्यम लहरींचा आणि आवाज एफएमसारखा, असा त्याचा दावा आहे. आकाशवाणीने देशभरात असे तीसहून अधिक मध्यम लहरी ट्रान्समीटर बसवले आहेत. काही नव्या कारमध्ये त्याचे संच येतात, पण बाजारात स्वस्त घरगुती संच सहज मिळत नाहीत, हीच खरी अडचण. साध्या एएमचे सामर्थ्य उलट नेमके इथे आहे. त्याचा संच जगातील सर्वांत सोप्या संचांपैकी एक आहे. एक डायोड, एक गुंडाळी, लांब तार आणि कानाला लावायचे संवेदनशील उपकरण एवढ्यावर, बॅटरीशिवायही, जवळची वाहिनी ऐकता येते.

म्हणून कोणता ट्रान्समीटर बंद करायचा, हा फक्त विजेच्या बिलाचा प्रश्न राहत नाही. शहरात एफएम आणि इंटरनेट दोन्ही आहेत. मुरबाड, शहापूर, जव्हारच्या दऱ्यांत सरळ जाणारी लहर जिथे पोहोचत नाही, तिथे वाकून जाणाऱ्या लहरीला आज स्वस्त पर्याय कोणता, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

घरी करून पाहण्यासारखे प्रयोग कोणते?

घरात एएम असलेला जुना रेडिओ असेल, तर सेल घाला आणि चार गोष्टी करून पाहा. एक, वाहिनी लावून संच चालू चार्जरजवळ न्या आणि पुन्हा दूर आणा. खरखर कुठून येते, ते लगेच कळेल. दोन, संच आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. एका दिशेला आवाज अगदी बारीक होईल. तेव्हा आतली फेराइटची कांडी ट्रान्समीटरच्या रेषेत आलेली असते. १९४२ मध्ये दिशा शोधणारी यंत्रे याच तत्त्वावर चालत होती. तीन, तीच वारंवारता दुपारी आणि रात्री दहानंतर लावून फरक ऐका.

चौथा प्रयोग सर्वांत सोपा. निवेदक बोलायचा थांबला आणि पुढचा कार्यक्रम अजून सुरू झालेला नाही, अशी वेळ पकडा. वाहिनी लागलेली असताना ती शांतता गाढ असते. तिथून सुई थोडी बाजूला सरकवली, की खळखळ सुरू होते. परत जागेवर आणली, की पुन्हा शांत. आवाज नसतानाही तिथे काहीतरी आहे, याचा तो पुरावा. तीच वाहक लहर. ती कोणाचाही आवाज नाही, आवाजाची वाट पाहत उभी असलेली जागा आहे.

आजीला अखेर असेच सांगितले, की आकाशातून आवाज येत नाही, निरोप येतो, आणि आवाज आपल्या घरातल्या डब्यात तयार होतो. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘‘म्हणजे त्यात सेल आपला आणि शब्द त्यांचा.’’ तोंडी परीक्षेत हे उत्तर कोणी दिले असते, तर परीक्षकांनी बहुधा पूर्ण गुण दिले असते.